शहापुरातलं बॅटरीचं दुकान: नवीन विकायच्या आधी जुनीचं दुखणं दाखवलं

खानापुरात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, पाऊस लागला की लाईटचा भरवसा नाही त्यामुळं इन्व्हर्टर म्हणजे आमचं पोट बगा. तीन वर्षांपूर्वी घेतलेली १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी यंदा जूनमध्ये वीस मिनिटांत बसायला लागली. जिथनं घेतली तिथं विचारलं तर पाणी घाला नायतर नवीन घ्या, एवढंच उत्तर. शेवटी गाडीत घालून बेळगावला शहापुरात एका जुन्या बॅटरीवाल्या काकांकडं नेली.

काकांनी रात्रभर चार्जिंगला लावली आणि दुसऱ्या दिवशी सहाही खणांत हायड्रोमीटर (अ‍ॅसिड किती दाट ते दाखवणारी नळी) घालून बघितलं, फुल चार्जला आकडा १२४० च्या आसपास पाहिजे आणि आमच्या दोन खणांत ११५० च्या वर जाईना. मला म्हणाले, "बॅटरी उतरलेली तशीच ठेवून गावाला गेला होतासा काय?" खरंच गेलो होतो ओ, उन्हाळ्यात दीड महिना दुकान बंद होतं!

मग त्यांनी दुसऱ्या एका कापलेल्या बॅटरीची निगेटिव्ह प्लेट आणली आणि हातात भिंग दिलं. चांगली प्लेट राखाडी, स्पंजासारखी, नखानं दाबली की दबते. खराब प्लेटवर पांढरट चट्टे, नख फिरवलं की वाळूसारखं खरखर लागतं. बॅटरी वापरताना प्लेटवर लेड सल्फेटचे बारीक बारीक खडे बनतात, ते बनणारच, आणि बारीक आहेत तोवर चार्जिंगला लावल्यावर विरघळून परत शिसं होतं. पण उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली की बारीक खडे विरघळून मोठ्या खड्यांवर जमतात, साखरेच्या पाकात खडीसाखर धरते तसं. मोठ्या खड्याला अ‍ॅसिड लागायला जागा कमी, म्हणून तो विरघळत नाही आणि प्लेटची भोकंही बुजवतो. शिसं तेवढंच असतं पण कामाला येत नाही. हे इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

लिथियम घेऊ का विचारलं, तर त्यांनी घाई केली नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात, पण सेलमधल्या त्या पावडरीतनं वीज नीट वाहत नाही आणि लिथियमला आत जायला एकाच दिशेची बारीक बोळं, म्हणून कण अगदी बारीक करून वर कार्बनचा थर देतात, तेव्हा कुठं ती जोरात चालते. वजन कमी, आयुष्य जास्त, हे खरंय. पण आमच्या इन्व्हर्टरचा चार्जर लेडच्या (शिशाच्या) बॅटरीसाठीचाच, तो बदलल्याशिवाय नको म्हणाले. नुसती विकायची असती तर विकून मोकळे झाले असते की.

मी परत ट्युब्युलरच घेतली. हिच्यात पॉझिटिव्ह प्लेटचा मसाला कापडी नळ्यांत भरलेला असतो, तो झडून तळाला गाळ होत नाही लवकर. जुनीचं वजन करून पैसे वजा केले, पावती दिली. त्रास एवढाच की दोन खेपा झाल्या आणि त्या गल्लीत गाडी लावायला जागाच नाही, बॅटरी हातगाड्यावरनं न्यावी लागली.

निघताना काकांनी झाकणावर मार्करनं तारीख घातली आणि सांगितलं, डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोरचं नको, आणि गावाला जायच्या आधी फुल चार्ज करूनच मेन बंद करा. गणपतीला कोकणात जायचंय, पोराला आत्ताच सांगून ठेवलंय.