मोलारिटी की मोलॅलिटी? साखरेच्या पाण्यावरून हिशोब

द्रावणात पदार्थ किती विरघळलाय हे सांगायची ही दोन मापं. सांगलीत उदाहरण द्यायचं तर साखरेचंच. सुक्रोजचं, म्हणजे साखरेचं, मोलर वस्तुमान (एका मोलचं वजन; मोल हे कण मोजायचं ठरावीक एकक) ३४२.३ ग्रॅम. तेवढी साखर थोड्या पाण्यात विरघळवून, व्होल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी घालून बरोबर १ लिटर द्रावण केलं, की ते १ मोलार. तीच साखर १ किलो पाण्यात टाकली की १ मोलॅल. भागाकारात वर दोन्हीकडे मोलच; खाली मोलारिटीत द्रावणाचे लिटर, मोलॅलिटीत द्रावकाचे किलो.

फरक किरकोळ वाटतो, पण या दुसऱ्या द्रावणाचं आकारमान सुमारे १.२ लिटर भरतं, म्हणजे त्याची मोलारिटी जेमतेम ०.८२. बारावीच्या पेपरात नेमके इथेच गुण जातात. एकातून दुसऱ्यात जायला द्रावणाची घनता लागते, ती गणितात दिलेली असते आणि पोरं ती वाचतच नाहीत.

मोलारिटीची खोड म्हणजे तापमान. २० अंशांना केलेलं १ मोलार विरळसर जलीय द्रावण आपल्याकडच्या मे महिन्यात ४० अंशांना गेलं, की पाणी फुगून ते साधारण ०.९९४ उरतं. म्हणून फ्लास्कवर २० किंवा २७ अंश छापलेलं असतं, ते बघावं. मोलॅलिटीला उन्हाळ्याचं सोयरसुतक नाही, वजन काही बदलत नाही.

तरीही टायट्रेशनला (एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण काढायला) मी मोलारिटीच घेईन. त्यातली ब्युरेट, म्हणजे खुणांची नळी, मिलिलिटर मोजते, ग्रॅम नाही. उत्कलनबिंदू किती चढला हे काढायचं असेल तर मात्र मोलॅलिटी: पाण्यात दर मोलॅलला सुमारे ०.५१ अंश. कारखान्यातल्या दाट पाकाला हा आकडा लावू नका, तो विरळ द्रावणांपुरताच आहे.