रेकॉर्ड केलेला अभ्यासक्रम की दर आठवड्याची केस-चर्चा?

खेड्यात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना आपले ज्ञान अद्ययावत ठेवायचे असेल, तर व्यवहारात दोनच मार्ग उरतात: सवडीने पाहण्याचे रेकॉर्ड केलेले ऑनलाइन अभ्यासक्रम आणि ठरलेल्या वेळी तज्ज्ञांसोबत व्हिडिओवर होणारी केस-चर्चा. शहरातल्या दोन दिवसांच्या परिषदा मी हिशेबात धरलेल्या नाहीत. मागे दवाखाना सांभाळणारे कोणी मिळाले तरच तिकडे जाता येते, आणि तसे कोणी क्वचितच मिळते.

रेकॉर्ड केलेल्या अभ्यासक्रमांची सोय नाकारता येणार नाही. मधुमेहाच्या नव्या औषधांचा वापर मी रात्रीची ओपीडी संपल्यावर, एकेक भाग पुनःपुन्हा पाहून तिथेच शिकलो. शिकत राहिल्याची नोंद म्हणून डॉक्टरांना जमवावे लागणारे क्रेडिट गुणही चटकन जमा होतात. अर्थात शेवटची प्रश्नावली व्हिडिओ न पाहताही सोडवता येते, आणि मी ती तशी सोडवलेली आहे, हेही सांगायला हवे.

माझे मत फिरले ते हृदयविकाराच्या झटक्यावरील एका व्याख्यानामुळे. जवळपास सगळा वेळ अँजिओप्लास्टीला दिलेला होता. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध द्यावे, हे वाक्य एका स्लाइडवर आले आणि गेले. आमच्यासारख्यांचे सारे काम त्या एका स्लाइडवर असते! पेशंट पंचाहत्तरीच्या पुढचा असेल, रक्तदाब १९० असेल, तर काय करायचे? प्रश्नांसाठी दिलेल्या चौकटीत मी हे विचारले. दोन आठवड्यांनी उत्तर आले, की मार्गदर्शक तत्त्वे पाहावीत.

हाच प्रश्न केस-चर्चेत मांडला, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांनी पंचाहत्तरीनंतर टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मात्रा निम्मी करण्याबद्दल आणि रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आधी तो खाली आणण्याबद्दल समजावून सांगितले. त्याहून उपयोगी पडले ते दुसऱ्या एका ग्रामीण डॉक्टरांचे बोलणे. ते ईसीजी काढता काढताच रुग्णवाहिकेला फोन लावायला सांगतात, आणि हे औषध कोणाला द्यायचे नाही याची यादी त्यांनी औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे. आता तशी यादी माझ्याही कपाटावर आहे.

या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात सुरू केलेला प्रोजेक्ट इको. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या ४०७ रुग्णांवरील त्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के, तर इकोमधून शिकलेल्या ग्रामीण व तुरुंगांतील केंद्रांवर ५८.२ टक्के रुग्णांचे उपचार यशस्वी ठरले. अर्थात एका आजाराच्या आकड्यांवरून सर्वच आजारांबद्दल बोलणे धाडसाचे ठरेल.

केस-चर्चेचे त्रासही आहेत. नेमके सेशन सुरू झाले की तापाने फणफणलेले मूल दारात येते, नेटवर्क तुटते, एखादे ज्येष्ठ सहकारी बोलायला लागले की दहा मिनिटे थांबत नाहीत. पेशंटची ओळख कुठेही उघड होणार नाही, याचीही सतत काळजी घ्यावी लागते. ज्यांना आठवड्यातला एक ठरावीक तास काढणे खरोखरच अशक्य आहे, त्यांना रेकॉर्ड केलेले अभ्यासक्रमच बहुधा परवडतील. मी स्वतः कमी पडणारे क्रेडिट आजही तिथूनच भरून काढतो. गुरुवारी दुपारी दोन ते तीन या केस-चर्चेच्या तासात मात्र पेशंटना वेळ देत नाही.