अ‍ॅनिमेशनपटांतील गाण्यांची जॅझ मैफल : पूर्वार्ध सरस

अ‍ॅनिमेशनपटांतील लोकप्रिय गाणी जॅझमध्ये वाजवणे हा केवळ गल्ला जमवण्याचा खटाटोप आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः या वाटेने मोठमोठे वादक फार पूर्वीच गेलेले आहेत. पियानोवादक डेव्ह ब्रुबेकने १९५७ मध्ये डिस्नेच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला, आणि १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’साठी फ्रँक चर्चिलने बांधलेली ‘समडे माय प्रिन्स विल कम’ची चाल पियानोवादक बिल एव्हान्स व ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांनी वाजवल्यानंतर जॅझवादकांच्या कायमच्या संग्रहात जाऊन बसली.

पियानो, डबल बास, ड्रम्स आणि टेनर सॅक्सोफोन अशा चौघांच्या या मैफलीची सुरुवात त्याच चालीने झाली. पियानोवादकाने मुखडा जवळजवळ जसाच्या तसा ठेवला; मात्र डाव्या हाताने त्याखालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) असे बदलत नेले की मूळ गाण्यातला भाबडा आशावाद दुसऱ्या आवर्तनापासून साशंक वाटू लागला. चाल तीन मात्रांची असूनही ड्रमवादक ड्रमवर तारांचा ब्रश फिरवताना पहिल्या मात्रेवरचा जोर जाणूनबुजून टाळत होता, आणि तरी बास नेमका समेवर येत असल्यामुळे लय कुठेही निसटली नाही. संगीतकार सॅमी फेनच्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मध्ये तर बासवादक पियानोला साथ न देता प्रत्युत्तरे देत होता. एव्हान्सच्या त्रयीने १९६१ मध्ये केलेल्या वादनाचा ठसा इथे उघड दिसतो, आणि तो लपवण्याचा आव आणला नाही हे बरेच झाले.

उत्तरार्धात मात्र मैफल सैल पडली. ‘जंगल बुक’मधील लुई प्रिमाने गायलेले गाणे मुळातच स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत आहे, त्यामुळे त्यात नवे काय करायचे हा प्रश्न लय नुसती वाढवून सुटत नाही, टाळ्या मात्र त्यालाच सर्वाधिक पडल्या. अलीकडच्या चित्रपटांतील गाण्यांची अडचण निराळी आहे: त्यांचा परिणाम गायिकेच्या चढत्या आवाजावर अवलंबून असतो आणि खालची कॉर्डरचना फारशी हलत नाही, म्हणून शब्द व आवाज काढून घेतल्यावर उपजेला पुरेसा आधार उरत नाही. सॅक्सोफोनवादकाने तीच ओळ वरच्या सप्तकात नेऊन वेळ निभावली, एवढेच.

मैफलीत गायन नाही, त्यामुळे सोबत गाण्याच्या अपेक्षेने येणाऱ्या मुलांचा हिरमोड होईल. ध्वनियोजनेत बासला अकारण चढवल्याने मागच्या रांगांत पियानोचे बारकावे बुजतात. तिकीट शक्यतो पुढच्या रांगांचेच काढावे.