स्लॉट कारच्या बॉडीवर वॉटरस्लाइड डेकल की साधा स्टिकर?

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून धावणारी छोटी इलेक्ट्रिक गाडी. तिच्यावर स्टिकर सोपा आहे, सोलला की चिकटवला, पण १/३२ स्केलच्या (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढ्या) गाडीवर त्याची जाडी लगेच डोळ्यात येते आणि फेंडरच्या गोलाईवर कडा काही दिवसांत उचलायला लागतात. वॉटरस्लाइड डेकलला, म्हणजे कागदावर येणाऱ्या पातळ छापील चित्राला, वेळ लागतो, कोमट पाण्यात २०-३० सेकंद भिजवायचा, मग कागदावरून अलगद सरकवत बॉडीवर घ्यायचा, पण सुकला की अगदी रंगवल्यासारखा दिसतो, मला तर तोच आवडतो! फक्त खालचा रंग ग्लॉसच हवा, मॅटवर लावला तर आत हवा अडकून चंदेरी डाग दिसतात आणि नंतर ते घालवणं फार अवघड. पॅनल लाइन (बॉडीवरच्या सांध्यांच्या रेघा) किंवा रिव्हेटवर बसत नसेल तर मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रव) लावा, आधी सुरकुत्या पडतील, घाबरू नका आणि बोट तर अजिबात लावू नका, सुकताना तो आपोआप ताणून बसतो.

एक मात्र आहे, स्लॉट कार वळणावर उडते, उलटते, त्यामुळे वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) नसेल तर डेकल खरवडला जाणारच. रात्रभर सुकू द्या, मग क्लिअर कोटचे पहिले दोन हात एकदम हलके मारा, त्याचा लॅकर एकदम ओला मारला तर डेकल आकसतो.

मुलांच्या रोज आपटणाऱ्या गाडीला स्टिकर चालेल, बाकी डेकलच.