पंचवटीतील शिवणवर्ग: इथे आधी चुकू देतात, मग शिकवतात

पंचवटीत एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरणाऱ्या या शिवणवर्गाला मी जूनपासून तीन महिने गेले. बाहेर पाटी नाही आणि बाईंना नाव छापलेले आवडत नाही, म्हणून ते देत नाही. शुल्क महिना 1200 रुपये. कापड, दोरा, हुक आपले आपण आणायचे.

याआधी मी दुसऱ्या एका वर्गात दोन महिने काढले होते. तिथे आखणी शिक्षिका करत, कात्रीही त्याच चालवत आणि आम्ही फक्त टिपा मारत असू. माझा ब्लाउज उत्तम बसला. पण घरी एकटीने कापड अंथरले, तेव्हा पहिली रेघ कुठे ओढावी हेच सुचेना.

या बाईंनी मापे घ्यायला शिकवली, मेन रोडवरून स्वस्तातले छापील सुती कापड आणायला सांगितले आणि लगेच बाही बेतायला लावली. मी ती जोडून अंगात घातली, तर डावी बाही चोख बसली आणि उजवी काखेत ओढू लागली. बाईंनी दोन्ही बाह्या उसवून, छापील बाजू वर करून, एकीवर एक ठेवायला सांगितल्या. त्या तंतोतंत जुळल्या आणि चूक नेमकी तीच होती. पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तिथला काखेचा गोल काप, मागच्यापेक्षा खोल कापावा लागतो, त्यामुळे एक बाही दुसरीच्या उलट हवी. मी मात्र दोन्ही डाव्याच हाताच्या कापल्या होत्या. हे माझ्या लक्षात आल्यावरच बाईंनी छापील बाजू आत ठेवून घडी घातली आणि दोन्ही बाह्या एकदम कशा कापायच्या ते दाखवले.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मला शिक्षण-संशोधक मनू कपूर यांचे संशोधन आठवले. सिंगापूरमध्ये त्यांनी नववीच्या मुलांना प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) शिकवण्याआधीच, तीन फुटबॉलपटूंपैकी कोणाच्या गोलसंख्येत अधिक सातत्य आहे हे मोजण्याची रीत शोधायला लावली. मुलांच्या रीती अपुऱ्या पडल्या. पण नंतर रीतसर धडा झाल्यावर, आधी धडा ऐकून मग गणिते सोडवणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना ती संकल्पना अधिक चांगली समजली. यातला ‘नंतरचा धडा’ मला फार मोलाचा वाटतो, कारण नुसते चुकू देणे हे शिकवणे नव्हे.

आणि शनिवारच्या बॅचमध्ये हाच धडा राहून जातो. चार मशीनवर अकरा जणी असतात, बाई सगळ्यांपर्यंत पोहोचू शकत नाहीत. माझ्या शेजारच्या मुलीने एकच गळा तीनदा उसवला, तो का फिरतो हे तिला कोणी सांगितले नाही आणि पुढच्या आठवड्यापासून ती आलीच नाही. त्या दिवसाची संख्या बाईंनी कमी करावी, असे मी त्यांना सांगितले आहे. तोवर जायचे असेल तर आठवड्यातल्या मधल्या वारांची सकाळची बॅच घ्यावी; तिथे चार-पाच जणीच असतात.

गेल्या आठवड्यात आईच्या येवल्याच्या पैठणीतला ब्लाउजपीस मी घरीच बेतला. बाह्यांपुरताच काठ होता, चुकले असते तर दुसरा मिळणार नव्हता. आधी वर्तमानपत्रावर दोन्ही बाह्या कापल्या, खोल मुंढे समोरासमोर आले आहेत हे दोनदा पाहिले आणि मग कात्री लावली.