मधली भिंत: जिप्समची की विटांची?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात दोन्ही भिंती आहेत. वरच्या मोठ्या खोलीच्या दोन खोल्या केल्या त्या जिप्सम बोर्डाने, आणि दोन वर्षांनी खाली साडेचार इंची विटांची भिंत घातली. जिप्समच्या भिंतीत कसर ठेवली नव्हती: दोन्ही बाजूंना दोन-दोन बोर्ड, मधल्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर. चार दिवसांत काम उरकलं. पलीकडचं फोनवरचं बोलणं, टीव्हीवरच्या बातम्या, काही कळत नाही. एवढंच हवं असेल तर ती विटांहून कमी नाही, कदाचित सरसच.

माझं मत फिरलं ते डग्ग्यामुळे. लेक तबला शिकते. तिचा 'ना', 'तिं' त्या भिंतीत विरून जायचा, पण डग्ग्यावरचा 'घे' थेट पलीकडे. आईला बोल ऐकू यायचे नाहीत, नुसती धप-धप. "छातीत वाजतंय रे," म्हणायची, आणि कूस बदलत पडायची. बोर्डांचे दोन हलके पडदे आणि मधली हवा खर्जाच्या आवाजावर स्प्रिंगसारखी डोलतात. तिथे रॉकवूलचंही फारसं चालत नाही. खर्जाला वजनच लागतं. भिंतीचं वजन दुप्पट झालं की आवाज साधारण ५ ते ६ डेसिबलने उतरतो.

दोघींच्या खोल्या खाली, विटांच्या भिंतीच्या दोन बाजूंना आणल्या. तबला तोच, खालची जाड सतरंजी तीच. धप-धप अगदीच गेली असं म्हणणार नाही, पण आई झोपते. खाली स्लॅबऐवजी जमीन आहे, थोडं श्रेय तिचंही असेल.

एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ठोकळे, उन्हाळ्यासाठी चांगले, पण वजन विटेच्या जवळपास तिसरा हिस्सा. आवाजासाठी मी तरी घेणार नाही.

मात्र विटांची १० फूट उंच भिंत प्लास्टरसकट लांबीच्या दर फुटाला २०० किलोच्या वर जाते. खाली बीम नसेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय वरच्या मजल्यावर नकोच. तिथे जिप्समच बरं.

विटांची घातलीत तर प्लास्टर दोन्ही बाजूंनी आणि थेट स्लॅबपर्यंत करून घ्या, फॉल्स सीलिंगपाशी थांबू देऊ नका. भिंतीच्या शंभराव्या भागाइतकी फट राहिली तरी भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलच्या पुढे काही अडत नाही. आमच्याकडे दोन्ही खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून आले होते, मध्ये जेमतेम बोटभर वीट उरलेली. मिस्त्री कुरकुरला, पण एक बोर्ड हातभर सरकवून आधीचा खड्डा मसाल्याने पक्का भरून घेतला.