लडाख की स्पिती? आधी सुट्टी कोणत्या महिन्यात आहे ते सांगा

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला. नऊ दिवसांची सुट्टी, सोबत नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. लडाखला जावं की हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात? तिने दोन्हीकडचे भरपूर फोटो पाहिले होते आणि त्यामुळेच ती जास्त गोंधळली होती. फोटोत दोन्ही प्रदेश सारखेच दिसतात: उघडे तपकिरी डोंगर, वर गडद निळं आकाश, कड्याला चिकटलेला पांढरा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. सारखे दिसणारच, कारण दोन्ही हिमालयाच्या मुख्य रांगेआड, पाऊसछायेत आहेत. महाबळेश्वरला धो-धो कोसळणारा पाऊस माण-खटावला पोचेपर्यंत संपतो, तसंच हे. इथे मधली भिंत फक्त कितीतरी पट उंच. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो.

मी दोन्हीकडे गेलो आहे. ‘जास्त सुंदर कुठलं’ या प्रश्नात मी आता शिरत नाही. सुट्टी कधी आहे आणि तुम्ही वर कसे चढणार, एवढं कळलं की निवड बहुतेक होऊन जाते.

चढायचं कसं

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे लेह त्याच्या दुपटीहून उंच. तिथे दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. दिल्लीहून विमान तुम्हाला दीड तासात तिथे नेऊन सोडतं. शरीराला एवढ्या वेळात काहीच कळलेलं नसतं.

बाबांना घेऊन गेलो होतो तेव्हा उतरल्यावर त्यांना इतकं बरं वाटत होतं की त्याच संध्याकाळी ते शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला निघाले. मी अडवायला हवं होतं, अडवलं नाही. रात्री डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली, जेवण तसंच राहिलं आणि पुढचा पूर्ण दिवस ते पडून होते. विरळ हवेचा त्रास उतरल्या उतरल्या होत नाही, काही तासांनी, बहुतेकदा पहिल्या रात्री होतो. म्हणून विमानाने जाणार असाल तर पहिले दोन दिवस लेहमध्ये निवांत काढायचे, हे ठरवूनच तिकीट काढा. ज्या सहलीच्या कार्यक्रमात दुसऱ्याच दिवशी पँगाँग तलावाचा मुक्काम असेल, ती कितीही स्वस्त असली तरी नाकारा.

तिसऱ्या दिवसापासूनचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सिंधूच्या काठाने खाली आल्ची, बास्गोकडे जा. आल्ची लेहपेक्षा कमी उंचीवर आहे आणि तिथल्या जुन्या मंदिरांतली भित्तिचित्रं पाहायला अर्धा दिवस सहज लागतो. मग नुब्रा खोरं. वाटेत खार्दुंग ला ही ५३५९ मीटरची खिंड ओलांडावी लागते, पण तिथे थांबायचं दहा-पंधरा मिनिटं, आणि झोपायचं हुंडर-दिस्कितला, जे लेहहून खाली आहे. उंचीच्या हिशोबात रात्री कुठे झोपता हे धरायचं. पँगाँग सुमारे सव्वाचार हजार मीटरवर आहे, तो मुक्काम सगळ्यात शेवटी.

स्पितीची गोष्ट उलटी. तिथे विमानतळच नाही. शिमल्याहून किन्नौरमार्गे गेलात तर रस्ता चार-पाच दिवसांत तुम्हाला हळूहळू वर नेतो: शिमला २२०० मीटर, पुढे सराहन, मग किन्नर कैलास शिखरासमोरचं कल्पा जवळपास ३००० मीटरवर, नंतर नाको, ताबो आणि शेवटी साडेतीन हजारांच्या वरचं काझा, स्पितीचं मुख्य गाव. डॉक्टर सांगतात की तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये. या वाटेवर तो नियम बऱ्याच अंशी आपोआप पाळला जातो.

मात्र स्पितीला दुसरं दारही आहे, मनालीचं, आणि घाई असणारे सगळे त्या दारातून शिरतात. रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून तर ते फारच सोपं वाटतं. मनाली दोन हजार मीटरवर. सकाळी तिथून निघून संध्याकाळी चंद्रताल तलावाजवळच्या तंबूत झोपायचं म्हणजे एका दिवसात दोन हजार मीटरहून जास्त चढाई. विमानाने लेहला उतरून लगेच हिंडण्याइतकीच ही चूक मोठी आहे, आणि इथे तर जवळपास दवाखानाही नाही. वर्तुळ करायचं असेल तर शिमल्याकडून चढा आणि मनालीकडे उतरा.

वयस्कर माणसं सोबत असतील तर आणखी एक विचार करा: त्रास झालाच तर खाली कसं यायचं? लेहमध्ये मोठं रुग्णालय आहे आणि रोज विमान आहे. पण रस्त्याने लडाखबाहेर पडायचं तर कुठल्याही दिशेला आधी उंच खिंडी चढाव्या लागतात. काझ्याला दवाखाना लहान आहे, पण ताबो-सुमदोकडे रस्ता नदीकाठाने उतरत जातो, आणि मधला नाकोचा चढ सोडला तर पुढेही उतारच. हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असेल तर दोन्हीकडे जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा. उंचीच्या त्रासावरची गोळीही त्यांना विचारूनच, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको.

सुट्टी कधी

आपल्याकडे बहुतेक कुटुंबं मे महिन्यात निघतात, आणि तिथेच स्पितीचं गणित बिघडतं. काझा आणि मनाली यांच्यामधली कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथला बर्फ हटवून रस्ता सुरू व्हायला अनेकदा मे संपतो, कधी जूनही उजाडतो. म्हणजे मे महिन्यात किन्नौरमार्गे जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. चंद्रताल विसरायचं. तरीही जाण्यासारखं आहे, पण दिवस जास्त लागतात. लडाखला मे महिन्यात विमानाने जाता येतं, त्यामुळे मुलांची शाळा हीच अडचण असेल तर उत्तर लडाख. पँगाँगच्या रात्री मात्र तेव्हाही गोठवणाऱ्या असतात. मनाली-लेह महामार्ग त्या सुमारास नुकताच उघडत असतो, त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये वाळवंटात पाऊस नाही म्हणून स्पितीला निघणारे एक विसरतात: वाळवंटापर्यंत पोचायचा रस्ता पावसातूनच जातो. किन्नौरच्या खालच्या भागात आणि कुलू खोऱ्यात दरडी कोसळतात, जुलै २०२३ मध्ये हिमाचलात रस्ते आणि पूल वाहून गेले होते. विमानाने लेहला उतरलात तर हा पट्टा वरून उडतच ओलांडला जातो. लडाखलाही पाऊस कधीच झोडपत नाही असं नाही, ६ ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेहमध्ये मोठी जीवितहानी झाली होती. पण या दोन महिन्यांत मी लडाखच निवडेन.

सप्टेंबर स्पितीचा. गणपतीचं विसर्जन झालं की निघा. दोन्ही वाटा उघड्या, हवा स्वच्छ, किन्नौरमध्ये झाडांवर सफरचंदं. दिवाळीपर्यंत थांबलात तर कुंझुमचा भरवसा पुन्हा संपतो आणि पँगाँगचे तंबूही एकेक करून उठायला लागलेले असतात.

बाकीचं

फोन: लडाखमध्ये बाहेरची प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. स्पितीत प्रीपेड चालतं, पण काझ्याबाहेर बऱ्याच ठिकाणी रेंजच नसते. कागदपत्रं: भारतीयांना स्पितीसाठी परवाना लागत नाही. लडाखमध्ये नुब्रा, पँगाँगसारख्या सीमेलगतच्या भागांसाठीचे नियम बदलत राहतात, ते निघण्याआधी प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. गाडी: मनालीहून किंवा श्रीनगरहून भाड्याची गाडी किंवा बुलेट नेली तर लेहच्या पुढे नुब्रा-पँगाँग फिरवू देत नाहीत. तिथलीच गाडी घ्यावी लागते, टॅक्सीचे दर ठरलेले असतात आणि खर्चाचा मोठा वाटा तोच असतो. म्हणून लडाख चार-सहा जणांत परवडतं. स्पितीत हिमाचल परिवहनची बस रेकाँग पिओहून काझ्यापर्यंत जाते, तेव्हा एकट्याने कमी पैशांत फिरायचं असेल तर स्पितीला तोड नाही.

राहण्याच्या सोयीत लेह बरंच पुढे आहे: हॉटेलं, औषधांची दुकानं, एटीएम. स्पितीच्या वरच्या गावांत होमस्टे असतात आणि अनेक घरांत पाणी न वापरायचा कोरडा संडास. आमच्या यजमानीण काकूंनी एक बादली पाणी देताना ते कुठून भरून आणलं ते दाखवलं होतं, त्यानंतर मला आंघोळीला पाणी मागवलं नाही. लेहच्या हॉटेलात नळ सोडला की पाणी येतं म्हणून ते मुबलक आहे असं समजू नका. वाळवंट तेही आहे.

आणि पाहायचं काय? लडाखचा आवाका मोठा आहे. पँगाँगसमोर उभं राहिलं की नजर संपते, पाणी संपत नाही. हानलेच्या रात्रीइतके तारे मी दुसरीकडे पाहिले नाहीत, पण हानलेही सव्वाचार हजार मीटरच्या वर आहे, आठवड्याच्या सहलीत ते कोंबू नका. स्पिती माणसाच्या मापाची आहे. काझ्याहून एका दिवसात लांग्झा, हिक्कीम आणि कोमिक ही तिन्ही गावं होतात. लांग्झाच्या मुलांच्या हातात समुद्री जीवांचे जीवाश्म दिसतात, कारण हे डोंगर कधीकाळी समुद्राचा तळ होते (ते विकत घेऊ नका, जिथले तिथे राहू द्या). हिक्कीमच्या टपाल कार्यालयातून आईला कार्ड टाकलं होतं, तिने ते अजून देवघरात ठेवलं आहे. ताबोचा गोंपा इसवी सन ९९६ चा. बाहेरून मातीचा साधा ठोकळा. आत शिरल्यावर अंधाराला डोळे सरावतात आणि भिंतींवरच्या मूर्ती एकेक करून पुढे येतात. आत फोटो काढू देत नाहीत, ते मला फार बरं वाटलं.

मला स्वतःला पुन्हा कुठे जायचंय विचारलंत तर स्पितीला. पण मावसबहिणीला मी लडाख सांगितलं: मे महिना, नऊच दिवस, सासूबाई सोबत. पँगाँगचा मुक्काम गाळून लेह, आल्ची आणि नुब्रा एवढंच. एक दिवस शेवटी लेहमध्ये मोकळा ठेवायला लावलाय, कारण तिथली विमानं बहुतेक सकाळीच उडतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. पुढचं रेल्वेचं तिकीट तिने त्यानंतरच्या दिवसाचं काढलं आहे.